वीज गेली की चित्र साफ येतं

२०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान नोआ-१८, नोआ-१९ आणि नोआ-१५ हे अमेरिकेचे तीन म्हातारे हवामान उपग्रह एकामागोमाग कायमचे बंद झाले. रत्नागिरीच्या सड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्या आम्हा चार-दोन जणांना ते चांगलंच लागलं. १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास हे उपग्रह खालच्या ढगांचं चित्र पाठवायचे, सेकंदाला दोन ओळी, कुणीही घ्यावं असं. ५३ सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या व्ही आकारात बांबूला बांधायच्या, केबल डोंगलला, म्हणजे यूएसबीत खुपसायच्या छोट्या रेडिओला, डोंगल लॅपटॉपला. दहा-बारा मिनिटांत अरबी समुद्र पडद्यावर उतरायचा. आता रशियाचे मेटिओर उरलेत. त्यांचा सिग्नल डिजिटल, त्यामुळे खरखरीचा हिशोब नव्याने मांडावा लागतोय. हा हिशोब तसा रेडिओइतकाच जुना आहे.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. पुढे कोकणात रेडिओ आले तेव्हा मध्यम लहरींवर सगळ्यात मोठा शत्रू आकाशातली वीज. वैशाखात घाटावर कुठे तरी ढग गडगडायचे आणि इथे माजघरात नाट्यसंगीतात कडकड शिरायची. जुनी माणसं त्यावरून वळवाचा अंदाज बांधत. उपाय दोनच होते. केंद्राने ताकद वाढवायची, नाहीतर आपण दोन माडांच्या मध्ये लांब तार ताणायची आणि अर्थिंगची वायर विहिरीजवळच्या ओल्या मातीत पुरायची. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळवली ती याच कडकडीवर. वीज लहरीची उंची बिघडवते, म्हणून त्याने माहिती उंचीतून काढून वारंवारतेत घातली. एफएमची अडचण वेगळी. ते बहुतेक सरळ रेषेत जातं, आणि आमच्याकडे दर दोन मैलांवर एक डोंगर नाहीतर खाडी.

तोवर आणखी एक वाईट बातमी कळून चुकली होती. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं की तारेतच खरखर असते. तारेला उष्णता आहे, इलेक्ट्रॉन वळवळतात, संपला विषय. त्याच प्रयोगशाळेतला कार्ल जान्स्की काही वर्षांनी २०.५ मेगाहर्ट्झवर खरखर कुठून येते ते शोधत होता, तर एक भाग थेट आकाशगंगेतून येत होता. म्हणजे पूर्ण शांतता मिळणारच नव्हती. प्रश्न एवढाच उरला की खरखरीच्या मानाने सिग्नल किती वर काढता येतो.

या प्रश्नाला खरी गती दुसऱ्या महायुद्धातल्या रडारने दिली, आणि त्यात आपला किनाराही आला. मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार-दीड हजार मैलांवरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत. समुद्रालगत दमट हवा आणि तिच्यावर कोरडी गरम हवा असे थर बसले की त्यांच्यामधून लहरी पन्हळीतल्या पाण्यासारख्या लांब वाहत जातात. पावसाळ्याआधीच्या एखाद्या रात्री एफएमवर मध्येच अरबी गाणं लागतं त्याचं कारण हेच. ऐकायला मजा वाटते, पण त्याच वारंवारतेवर आपलं स्टेशन असेल तर ते गाणंही खरखरच.

त्याच काळातली दोन सूत्रं आजच्या डोंगललाही लागू आहेत. १९४३ मध्ये नॉर्थ या अभियंत्याने मांडलं की येणाऱ्या सिग्नलचा आकार आधी माहीत असेल तर खरखरीत तो शोधायची सगळ्यात चांगली चाळणी त्याच आकाराची असते. १९४४ मध्ये फ्रिस या अभियंत्याने सांगितलं की अँटेनापासून पुढच्या साखळीतल्या पहिल्या पायरीवरची खरखर सगळ्यात महाग पडते.

फ्रिसचं नाव न ऐकताही कोकणाने त्याचा धडा गिरवलाय. मुंबई दूरदर्शन पकडायला घरोघरी लोखंडी पाइपावर अँटेना चढलेले होते. एक जण कौलांवर, एक दारात, एक टीव्हीसमोर. "आलं काय?" "नाय! जरा समुद्राकडे फिरव!" मग सिग्नल मोठा करणारा बूस्टर आला. ज्यांनी तो टीव्हीमागे ठेवला त्यांच्या पडद्यावर मुंग्या तशाच राहिल्या, फक्त जास्त उजळ. ज्यांनी तो वर अँटेनापाशी बांधला त्यांना माणसांचे चेहरे दिसले. कारण खालपर्यंत येताना केबलने सिग्नल खाल्लेला असतो. मग बूस्टर उरलेला सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच मोठे करतो.

संगणकाची बाजू थोडक्यात सांगतो. सिग्नलमधल्या वारंवारता झटपट वेगळ्या करायची कूली आणि ट्यूकी यांची रीत १९६५ ची. 'सॉफ्टवेअर रेडिओ' हे नाव जोसेफ मिटोलाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. जीएनयू रेडिओ हा अशा रेडिओसाठीचा खुला सॉफ्टवेअर संच २००१ पासूनचा. पण खिशाला परवडणारी गोष्ट २०१२ मध्ये घडली. रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू चिपचं टीव्ही पाहायचं डोंगल सिग्नलची मोजमापं, म्हणजे कच्चे नमुने, जसेच्या तसे संगणकाला देऊ शकतं, हे हौशी लोकांनी हुडकून काढलं आणि त्यासाठी ड्रायव्हर लिहिला.

हे डोंगल सेकंदाला साधारण २४ लाख नमुने घेतं, पण प्रत्येक नमुना फक्त ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा. ऐकायला भिकार वाटतं. आता जहाजं आपली जागा रेडिओवर कळवतात त्या एआयएसचा २५ किलोहर्ट्झचा एक चॅनेल घ्या. २४ लाख हर्ट्झमधले तेवढेच २५ हजार ठेवून बाकीचे सॉफ्टवेअरने टाकले की सारखी पसरलेली खरखर ९६ व्या हिश्श्यावर येते, जवळपास २० डेसिबलचा फायदा. नॉर्थच्या चाळणीचं आजचं टोक म्हणजे २०१७ पासूनचा एफटी-८ हा छोटे संदेश पाठवायचा प्रकार. नोबेलविजेते जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी तो हौशी रेडिओसाठी केला. संदेश कसा बांधलाय हे संगणकाला आधीच ठाऊक असतं, म्हणून कानाला निव्वळ खरखर ऐकू येते तिथून तो मजकूर उचलतो.

मात्र जवळच्या एफएम मनोऱ्याने त्या २५६ पायऱ्या आधीच भरून टाकल्या तर पुढचं सगळं गणित वाया. तिथे डोंगलच्या आधी फिल्टरच लागतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिल्या मे महिन्यात माझ्या प्रत्येक चित्रात गुजरातपासून केरळपर्यंत तिरक्या रेघा. मी उपग्रहाला शिव्या दिल्या, डोंगलला दिल्या. खाऱ्या हवेने केबलची जाळी हिरवी पडली असेल म्हणून कनेक्टर नव्याने डागले. मग एका संध्याकाळी वळीव येऊन गेला, वीज गेली ती गेलीच. लॅपटॉप बॅटरीवर होता. सॉफ्टवेअरमधल्या सिग्नल आणि खरखर रंगांत दाखवणाऱ्या ज्या पट्ट्याला आम्ही धबधबा म्हणतो तो पिवळ्या चिखलासारखा दिसायचा, तो एकदम गडद निळा झाला आणि मधोमध उपग्रहाची बारीक रेघ तेवढी उरली. पडवीतला एलईडी बल्ब आणि लॅपटॉपचा चार्जर, दोघे मिळून घाण करत होते. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभारताना जागाच रेडिओच्या गोंगाटापासून दूर अशी पाहिली, आणि तिथेही आता असली माणसाची खरखर संगणकाने वेचून काढावी लागते. माझी तर पडवीच.

नोआच्या चित्रात खरखर असली तर मुंग्या दिसायच्या, तरी ढग ओळखू यायचे. मेटिओरचं तसं नाही. व्हिटर्बीने १९६७ मध्ये दिलेली रीत आणि १९६० चं रीड-सॉलोमन गणित चुका दुरुस्त करत राहतं, चित्र लख्ख येतं. चुका हाताबाहेर गेल्या की काळी पट्टी. मधलं काही नाही. म्हणून आता काड्या घरापासून लांब, सड्यावरच्या गडग्याला रोवल्यात. केबल २० मीटरची झाली. साध्या बारीक केबलमध्ये तेवढ्या अंतरात या वारंवारतेवर निम्म्याहून जास्त सिग्नल मुरतो, म्हणून छोटा अ‍ॅम्प्लिफायर वर, काड्यांच्या मुळाशीच बांधलाय, प्लास्टिकच्या बरणीत, बुडाला घाम निघून जायला एक भोक ठेवून.