स्कूल डिस्ट्रिक्टचा शिक्षक-प्रशिक्षण व शिक्षक टिकवण्यावरील खर्च (अमेरिका)

अमेरिकेतले स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, तर एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. एकाच कौंटीत (तिथल्या जिल्ह्यात) असे अनेक असू शकतात. बहुतेकांचे मंडळ निवडून आलेले, मालमत्ता करातला वाटा स्वतःचा आणि वेतनपत्रकही स्वतःचे. त्यामुळे शेजारच्या डिस्ट्रिक्टने पगार वाढवला की शिक्षक तिकडे निघतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक बदली मागतो. अमेरिकेतला राजीनामा देतो. २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीनुसार सरकारी शाळांतले १०० पैकी ८४ शिक्षक त्याच शाळेत राहिले, ८ दुसऱ्या शाळेत गेले, ८ जणांनी शिकवणे सोडले. एक शिक्षक गेला की नवी भरती आणि तयारी यांवर ग्रामीण भागात सुमारे ९,००० डॉलर, तर मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टमध्ये २०,००० हून अधिक खर्च होतो, असा एक अंदाज आहे.

प्रशिक्षणासाठी केंद्राचा ‘टायटल टू, पार्ट ए’ निधी आहे. वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलर. २०१५ च्या कायद्याने एक दिवसाची, पुढेमागे काही न जोडलेली कार्यशाळा प्रशिक्षणाच्या व्याख्येबाहेर काढली. स्थानिक पैसा काढून घेऊन त्याजागी हा निधी लावता येत नाही.

खरा मोठा खर्च मात्र प्रशिक्षणाच्या खात्यात दिसतच नाही. समजा, शिक्षकाचा करार १८५ दिवसांचा आणि शाळा १८० दिवसांची. उरलेले ५ दिवस प्रशिक्षणाचे; वर्षाला ६०,००० डॉलर पगार धरला तर त्यांचे सुमारे १,६२० डॉलर होतात. ४० शिक्षकांचे जवळपास ६५,०००. ही रक्कम पगारात मिसळून जाते. शाळेच्या दिवशी प्रशिक्षण ठेवले तर ‘सबस्टिट्यूट’ म्हणजे बदली शिक्षकाची रोजंदारी वेगळी, आणि शुक्रवारी तो मिळणेच कठीण. मग ‘कोच’लाच, म्हणजे इतर शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकालाच, रिकाम्या वर्गावर धाडतात: पैसे कोचिंगच्या नावावर पडतात, कोचिंग होत नाही.

दुसरा दडलेला खर्च ‘लेन’चा. वेतनपत्रकात ‘स्टेप’ सेवेच्या वर्षांच्या, ‘लेन’ पदवी आणि क्रेडिटच्या (पूर्ण केलेल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांच्या). मास्टर्स झाले की लेन बदलते आणि ती वाढ निवृत्तीपर्यंत चालू राहते. मास्टर्समुळे मुलांचे गुण वाढतात असे संशोधनात फारसे दिसलेले नाही, तरी ही सवलत काढायला संघटना आणि मंडळ दोघेही कचरतात.

टिकवण्याच्या बोनसचे दुखणे वेगळे. २००९ ते २०१२ दरम्यान १० डिस्ट्रिक्टमध्ये उत्तम ठरलेल्या शिक्षकांना कमी गुणांच्या शाळेत बदलून जाऊन दोन वर्षे राहण्यासाठी २०,००० डॉलर देऊ केले. पात्र शिक्षकांपैकी जेमतेम ५ टक्के गेले. पैसे चालू होते तोवर ते टिकले. थांबल्यावर इतरांहून फारसा फरक उरला नाही. कोविडकाळात २०२१ च्या कायद्याने सुमारे १२२ अब्ज डॉलर शाळांसाठी दिले, पण ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ते कशावर खर्चायचे याचे करार व्हायला हवे होते. या एकरकमी पैशावर ज्यांनी कायमची पदे भरली, त्यांना नंतर पदे कापावी लागली किंवा स्वतःच्या तिजोरीतून पोसावी लागली. पैसा थांबला की परिणामही ओसरतो, म्हणून जाणकार बोनसचा छोटा हप्ता सहीच्या वेळी आणि मोठा तिसऱ्या वर्षाअखेर ठेवतात.

काही डिस्ट्रिक्ट तर जाणाऱ्यालाही पैसे देतात. हिवाळ्यातच राजीनाम्याची सूचना दिली की काही शे डॉलर. ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, शिक्षक शोधत फिरण्यापेक्षा ते स्वस्त पडते.