किराणा दुकान बंद करताय? बेळगाव भागात कोणता परवाना कुठे आणि कधी रद्द करायचा

शहापूर, वडगाव, अनगोळ असो की खानापूर-निपाणीची पेठ, गल्लीतले जुने किराणा दुकान बंद होणार म्हटले की सगळ्यांनाच चुटपुट लागते. मुले पुण्या-बेंगळुरात, मालकाचे गुडघे गेलेले, त्यात जवळच मार्ट उघडलेले. दुकानदार शटर ओढतो, चाव्या घरमालकाला देतो आणि मोकळा झालो असे समजतो. सरकारदरबारी मात्र ते दुकान चालूच असते. जीएसटी, व्यवसाय कर, महापालिकेचा परवाना, वीज कंपनी हेस्कॉमचा मीटर, प्रत्येकाला वेगळे कळवावे लागते. एका खात्याने दुसऱ्याला सांगितले असेल, या भरवशावर राहू नका.

वेळ आपल्या हातात असेल तर मार्चअखेर गाठावी. व्यापार परवाना आर्थिक वर्षापुरता असतो आणि व्यवसाय कराचा भरणा ३० एप्रिलपर्यंत करायचा असतो. एप्रिल उजाडला की नव्या वर्षाच्या फीचा प्रश्न उभा राहतो.

आधी जीएसटी

सगळ्यात किचकट काम हेच, म्हणून सुरुवात इथून करावी. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मालकाने स्वतः करायचा. मालक वारले असतील तर वारसांनी करायचा. त्यासाठी मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. वंशवृक्षाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो, तो आधीच काढून ठेवावा. धंदा बंद झाला नसला, पण मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आली असली, तरीही नोंदणी रद्द करता येते.

अर्ज जीएसटी पोर्टलवर आरईजी-१६ या फॉर्ममध्ये, धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. पोर्टलवर जुना मोबाईल नंबर असेल तर ओटीपी तिकडेच जातो, तेव्हा आधी नंबर बदलून घ्या. बंद करण्याच्या तारखेपर्यंतची सगळी रिटर्न्स भरलेली हवीत. विक्री शून्य असली तरी शून्याचे रिटर्न भरायचेच, नाहीतर त्यावरही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढते.

आता शिल्लक मालाचे. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराने साबण, बिस्किटे, तेल यांवर खरेदीच्या वेळी दिलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, घेतलेले असते. रद्द होण्याच्या आदल्या दिवशी जो माल उरला असेल, त्यावरचे क्रेडिट किंवा त्या मालाच्या विक्रीवर लागणारा कर, यांत जो आकडा मोठा तो भरावा लागतो. सुटी ज्वारी, सुटे तांदूळ, सुट्या डाळी यांवर कर नसल्याने त्यांची चिंता नाही. म्हणून अर्ज करण्याआधीच मुदत संपत आलेला माल एजन्सीला परत करून क्रेडिट नोट घ्यावी आणि उरलेला पॅकबंद माल सवलतीत काढून टाकावा. अर्ज केल्यावर नोंदणी निलंबित होते, मग करपात्र विक्री करता येत नाही.

रद्द झाल्याचा आदेश आरईजी-१९ फॉर्ममध्ये येतो. बहुतेक जण इथे फाईल बंद करतात आणि फसतात. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचे रिटर्न भरायचे असते. ते चुकले तर केंद्राचे आणि राज्याचे मिळून दिवसाला २०० रुपये, कमाल १०,००० रुपये शुल्क लागते. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठराविक टक्के कर भरणाऱ्यांना, हे रिटर्न नाही, त्यांनी जीएसटीआर-४ हे वार्षिक रिटर्न मात्र विसरू नये.

मुलगा किंवा पुतण्या दुकान पुढे चालवणार असेल तर त्याचा पॅन वेगळा, म्हणून नोंदणीही नवी. जुन्या नोंदणीत शिल्लक असलेले क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने त्याच्याकडे वळवता येते. ते करून मगच जुनी नोंदणी रद्द करा.

बाकीची खाती

व्यवसाय कराची नोंदणीही वाणिज्य कर खात्याकडेच असते, पण जीएसटीबरोबर ती आपोआप बंद होत नाही. वेगळा अर्ज लागतो. व्यापार परवान्यासाठी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा. मूळ परवाना, शेवटची पावती आणि आधारची प्रत जोडावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलेला बरा, टेबलावरचा अर्धा वेळ वाचतो. नातवंडे शाळेत कन्नड शिकलेलीच असतात, त्यांच्याकडून लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नका.

कामगार खात्याची दुकान नोंदणी ई-कार्मिक पोर्टलवर असते, तिथे बंद झाल्याचे कळवावे. दुकानात सहा महिन्यांहून जास्त काळ कामाला असलेल्या पोराला महिनाभर आधी नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागतो. अन्न परवाना फॉस्कॉस पोर्टलवरून परत करता येतो. उद्यम (लघुउद्योगांची) नोंदणी असेल तर तीही रद्द करा. रेशनचे वाटपही तुमच्याकडे असेल, तर ते काम वेगळे: अन्न खात्याला लेखी कळवून शिल्लक धान्याचा हिशेब द्यावा लागतो.

हेस्कॉमकडे जाताना आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक), भरलेले शेवटचे बिल आणि अनामत रकमेची पावती न्या. जुन्या दुकानांची अनामत बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असते, तेव्हा वारसाचे कागद इथेही लागतात.

उधारीची वही

याला कुठलाच फॉर्म नाही, पण पैसा इथेच अडकलेला असतो. उधार दिलेल्या मालाचे पैसे फेडण्याची तारीख ठरलेली नसेल, तर माल दिल्यापासून तीन वर्षांतच दावा करता येतो. ती मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने ‘एवढी बाकी मान्य’ असे लिहून तारखेसह सही केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षे मिळतात. दोन हजारांसाठी कोर्टात कोण जातो? तरीही दुकान बंद होण्याआधी घरोघर जाऊन सह्या घ्याव्यात. ओळख आहे तोवर माणसे हप्त्याने का होईना देतात. शटर पडल्यावर तीच माणसे रस्ता बदलतात.

चालू खाते शेवटी बंद करा, कारण हेस्कॉमची अनामत आणि जीएसटीचा परतावा असेल तर तो तिथेच येतो. यूपीआयचा बोलका डबा मात्र लगेच परत द्या, नाहीतर त्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला कापले जाते. हिशेबाच्या वह्या आणि बिले, त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. रद्दीवाल्याला द्यायची घाई करू नका.