भरतीची वेळ कळते, वीज का मिळत नाही?

वाशीच्या जेट्टीवर अष्टमीला पाणी बघावं, अगदी आळसावलेलं. ‘भांग आहे,’ जाळं शिवणारे कोळी काका म्हणतात. भांग म्हणजे भरती-ओहोटीत सगळ्यात कमी फरक पडतो ते दिवस. आठवडाभराने उधाणाला तेच पाणी खांबांभोवती भोवरे काढत धावतं. भरतीची वेळ सांगायला काकांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला पूर्ण भरती, खाडीत आत थोडी उशिरा. वाऱ्याचं असं आधी कोण सांगेल? भरतीच्या विजेचा मोह पडतो तो यासाठीच.

मग इथे पाण्याखाली वीज करणारी पाती का नाही लावत? घोडं अडतं वेगापाशी. पाण्याचा वेग निम्मा झाला की ताकद उरते आठवा हिस्सा. सेकंदाला २ मीटर वेगाला चौरस मीटरमागे ४ किलोवॉट, तर १ मीटरला फक्त ५०० वॉट. म्हणजे घरातला एक मिक्सर, आणि त्यातलेही निम्मे हाती लागले तर नशीब. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी बांध घालून १९६६ पासून २४० मेगावॉटचं केंद्र चालतं, पण तिथे भरती-ओहोटीत सरासरी ८ मीटरचा फरक पडतो. आपल्याकडे उधाणालाही जेमतेम ५. शिवाय ठाण्याच्या खाडीला बांध घातला तर फ्लेमिंगो जातील कुठे? मला तरी तो सौदा नको.

मग लाटांपासून वीज? ती यंत्रं आधी प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत तपासतात, आणि तिथेच गंमत आहे. प्रतिकृती २५ पट लहान केली की लाटा पाचपट घाईने सोडाव्या लागतात आणि वीज सुमारे ७८ हजार पटींनी घटते. समुद्रात १०० किलोवॉट देणारं यंत्र टाकीत दाखवणार सव्वा वॉट! तेवढं तर बेअरिंगचं घर्षणच गिळून टाकतं. म्हणून पुढची चाचणी शांत समुद्रात, मग खवळलेल्या. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर २००३ पासून यासाठीच चाचणी केंद्र आहे. समुद्रतळावर केबल टाकलेल्याच असतात, यंत्र आणून जोडायचं. केरळात विझिंजमलाही १९९१ मध्ये लाटांवरचं १५० किलोवॉटचं प्रायोगिक केंद्र सुरू झालं होतं.

काकांना हे सांगत होतो, तर त्यांनी खांबाला चिकटलेल्या कालवांकडे बोट दाखवलं. ‘होडी आम्ही वर ओढून खरवडतो. तुमचं पातं पाण्याखालून कोण काढणार?’

ऑर्कनीत २०२१ मध्ये बसवलेल्या ‘ओ-टू’ या भरतीच्या प्रवाहावर चालणाऱ्या २ मेगावॉटच्या तरंगत्या यंत्राला दोन लांब हात आहेत. दुरुस्तीच्या वेळी ते पात्यांसकट पाण्याच्या वर येतात.