टर्मिनलमधले सरळ रकाने आले कुठून

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, आउटपुट वेडंवाकडं आलं की आपण पुढे पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं चिन्ह) टाकून ते रकाने जुळवणाऱ्या कॉलम कमांडला देतो, टी ऑप्शन लावला की सगळं कसं एकाखाली एक उभं राहतं. पण हे रकान्यांचं प्रकरण स्क्रीनच्याही आधीचं आहे. आयबीएमने 1928 मध्ये 80 रकान्यांचं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायचं कार्ड, आणलं, एका रकान्यात एक अक्षर, आणि पुढे 1957 चं फोर्ट्रान, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, त्याच कार्डावर लिहायचे, पहिली 5 घरं लेबलची, सहावं आधीची ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, 7 ते 72 मध्ये कोड. छापतानाही कुठला आकडा किती घरांत बसवायचा हे फॉरमॅट स्टेटमेंटमध्ये आधीच सांगावं लागायचं. कार्डं गेली तरी 80 चा आकडा राहिला, 1978 च्या व्हीटी 100 टर्मिनलवरसुद्धा नेहमीची ओळ 80 अक्षरांचीच.

टॅब आला टाइपरायटरवरून, तिथे ती की तक्ते टाइप करायलाच होती. यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टॅब दर 8 घरांवर थांबतो, म्हणून एक नाव 7 अक्षरी आणि खालचं 8 अक्षरी असलं की पुढचा सगळा रकाना सरकतो. हा घोळ इतक्या स्क्रिप्टमध्ये दिसतो की मला तर वाटतं नुसत्या टॅबवर तक्ता सोडूच नये.

बीएसडी, म्हणजे बर्कली विद्यापीठातलं यूनिक्स, तिथल्या लोकांनी फाइलींची यादी देणाऱ्या एलएस कमांडला नावं रकान्यांत दाखवायला शिकवलं, आणि त्यातही समोर टर्मिनल असेल तरच, पाइपमध्ये गेलं की ओळीला एकच नाव, म्हणजे माणसाला वाचायला सोपं आणि पुढच्या प्रोग्रॅमलाही. मला हा निर्णय फार आवडतो. कॉलम कमांड 1990 च्या 4.3 बीएसडी रीनोमध्ये आली. तिच्या आधी ऑक या मजकूर हाताळायच्या भाषेतलं प्रिंटएफ, म्हणजे ठरलेल्या रुंदीत छापायची सोय, होतंच, पण तिथे रुंदी आपण ठरवायची आणि एखादं नाव लांब निघालं की तक्ता मोडला. कॉलम स्वतः मोजते, मात्र सगळ्यात लांब शब्द कुठला हे कळायला तिला शेवटच्या ओळीपर्यंत वाचावंच लागतं, त्यामुळे सतत वाढणारी लॉग फाइल तिला दिली तर काहीच दिसत नाही, आणि लोकांना वाटतं कमांड अडकली.

हे सगळं एका समजुतीवर उभं होतं, एक बाइट म्हणजे एक अक्षर म्हणजे एक घर. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, "मराठी" हा शब्द डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडमध्ये 5 चिन्हं, आणि बाइट 15. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं, त्यामुळे 10 ची रुंदी दिली तर त्याच्या हिशेबाने शब्द आधीच मोठा, एकही स्पेस टाकत नाही आणि पुढचा रकाना येऊन चिकटतो.