महिला ईएचएफ चॅम्पियन्स लीग, २०२०–२१

युरोपातल्या महिला हँडबॉल क्लबांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा, युरोपियन हँडबॉल फेडरेशन म्हणजे ईएचएफ ती भरवतं. २०२०–२१ चा सीझन नॉर्वेच्या वायपर्स क्रिस्तियानसांडने जिंकला आणि तेव्हा कुणाला हरवता येईल असं वाटत नव्हतं ती हंगेरीची ज्योर टीम याच सीझनमध्ये अडकली, म्हणून हा सीझन लक्षात राहतो.

आधीच्या म्हणजे २०१९–२० च्या सीझनला विजेताच नाही, कोरोनामुळे तो अर्धवट सोडावा लागला. त्यामुळे २०१७, २०१८ आणि २०१९ असं सलग तीनदा जिंकलेली ज्योरच अजून गादीवर बसलेली होती. नवीन सीझनपासून फॉरमॅट बदलला, १६ टीम, आठ-आठचे दोन ग्रुप, प्रत्येकीच्या १४ मॅच. कागदावर छान होतं, पण क्वारंटाइन आणि प्रवासबंदीमुळे कित्येक मॅच होऊच शकल्या नाहीत, काहींचा निकाल सरळ १०–० असा लावला गेला, मग शेवटी ईएचएफने ठरवलं की ग्रुपमधून कुणालाच बाहेर काढायचं नाही, सगळ्या १६ टीम बाद फेरीत. माझ्या मते निर्णय योग्यच होता, कारण न खेळलेल्या मॅचवर कुणाला घरी पाठवणं अन्यायाचं झालं असतं.

फायनल फोर मे महिन्याच्या शेवटी बुडापेस्टला झाली. ज्योर, फ्रान्सची ब्रेस्त, वायपर्स आणि मॉस्कोची सीएसकेए, जिची महिला टीम २०१९ मध्येच उभी राहिली होती आणि पहिल्याच प्रयत्नात इथवर आली. सीएसकेएला वायपर्सने ३३–३० ने हरवलं. दुसरी सेमीफायनल मात्र बघण्यासारखी. ज्योर तीन वर्षांहून जास्त काळ या स्पर्धेत एकही मॅच हरलेली नव्हती, सलग ५५ मॅच, आणि ब्रेस्तने त्यांना सात मीटरच्या शूटआउटपर्यंत खेचलं. सात मीटर म्हणजे आपल्या फुटबॉलमधल्या पेनल्टीसारखंच, गोलकीपर आणि खेळाडू समोरासमोर. ब्रेस्तच्या गोलमध्ये डेन्मार्कची सँड्रा टॉफ्ट होती. निकाल २७–२५, ज्योर बाहेर, आणि चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पहिल्यांदाच एक फ्रेंच महिला क्लब.

फायनल वायपर्सने ३४–२८ अशी घेतली. कोच ओले गुस्ताव येकस्टाड. नोरा मर्क त्याच सीझनला वायपर्समध्ये आली होती, गुडघ्याची इतकी ऑपरेशन्स झालेली मुलगी परत या पातळीवर खेळते हेच मोठं आहे. आणि गोलमध्ये कात्रिने लुंडे, वय ४१, तिचं हे पाचवं चॅम्पियन्स लीग विजेतेपद, आधीची दोन डेन्मार्कच्या वीबॉर्गकडून आणि दोन ज्योरकडूनच. गोलकीपरचं वय बघू नये, तिची जागा धरायची सवय बघावी, हे लुंडेकडे बघून पटतं. नॉर्वेच्या क्लबने ही स्पर्धा जिंकली ती २०११ च्या लारविकनंतर पहिल्यांदाच.

वायपर्सने पुढे २०२२ आणि २०२३ ला पण जिंकलं, म्हणजे ज्योरसारखीच सलग तीन. पण पैशाची बाजू कधी भक्कम झाली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये क्लबने दिवाळखोरी जाहीर केली, सीझन चालू असतानाच.