ओझरला म्हणतात मिग, बनतं तिथं सुखोई

नाशिकहून आग्रा रोडनं चांदवडच्या दिशेनं निघालं की ओझर लागतं. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) कारखान्याला आणि वसाहतीला अख्खा जिल्हा 'ओझर मिग' म्हणतो. १९६४ साली मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवण्यासाठी हा कारखाना उभा राहिला, तेव्हा चिकटलेलं नाव आजही तसंच आहे. गंमत म्हणजे २००४ पासून या 'मिग'मधून बाहेर पडतंय ते सुखोई-३०. डोक्यावरून ते गडगडत गेलं की खाली कुणीतरी हमखास म्हणतं, "मिग गेलं बघ."

पुण्यातही तीच कथा. लोहगावला १९८७ मध्ये मिग-२९ ची तुकडी आली. बरोबर दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच धावपट्टीवर पहिली सुखोई उतरली. मिग-२९ पुढे जामनगर आणि आदमपूरकडे गेली, सुखोई मात्र राहिली. विश्रांतवाडी-धानोरीकडच्या जुन्या रहिवाशांनी दोन्ही पाहिली आहेत आणि बहुतेकांच्या लेखी ते एकच विमान आहे.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. मिग-२१ असतं तर चूक झालीच नसती. ते एका नळकांड्याला पंख लावल्यासारखं, एकाच इंजिनाचं विमान होतं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं त्याला निरोपही दिला. मिग-२९ आणि सुखोई-३० एमकेआय (आपल्याकडचं सुखोई-३०) यांची गोष्ट वेगळी. दोन्हींना दोन इंजिनं, शेपटीवर दोन उभे पंख, पंखांच्या मुळापासून कॉकपिटपर्यंत नागाच्या फण्यासारखं पसरत गेलेलं अंग आणि त्या फण्याखाली लटकवलेली, इंजिनांना हवा पुरवणारी दोन चौकोनी तोंडं. नुसत्या छायाचित्रात, शेजारी माणूस किंवा ट्रक नसताना, जाणकारही क्षणभर थबकतो.

हे साम्य योगायोगानं आलेलं नाही, आणि कुणी कुणाची नक्कलही केलेली नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेचं एफ-१५ येतंय हे कळल्यावर सोव्हिएत संघानं त्याला उत्तर शोधायला घेतलं. एकाच विमानात सगळं बसेना, म्हणून काम दोघांत वाटलं: जड लढाऊ विमान सुखोईच्या कार्यालयाकडे, हलकं मिगकडे. हवेच्या प्रवाहाचा अभ्यास मात्र दोघांसाठीही एकाच संस्थेनं, मॉस्कोजवळच्या त्सागीनं केला. पंख आणि धड वेगळे न ठेवता एकमेकांत मिसळायचे, इंजिनं खाली एकमेकांपासून लांब टांगायची, हा आराखडा तिथला. दोघांनीही तो उचलला. १९७७ मध्ये, साडेचार महिन्यांच्या अंतरानं, दोन्हींचे पहिले नमुने उडाले: मे महिन्यात सुखोईचं टी-१०, ज्याचं पुढे सुखोई-२७ आणि मग आपलं ३० झालं, ऑक्टोबरात मिग-२९. ज्यांची नावं या विमानांवर आहेत, ते आर्त्योम मिकोयान आणि पावेल सुखोई दोघंही तोवर वारले होते. (मिग हे मिकोयान आणि गुरेविच या दोघांचं नाव; मधला 'इ' म्हणजे रशियन भाषेतला 'आणि'.)

इथं जरा प्रवासी विमानांकडे बघू, कारण विमानवेड्यांचा पहिला धडा तिथंच होतो. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ यांच्यातही लोक असेच गोंधळतात. ७३७ चं नाक टोकदार असतं, इंजिनाचं तोंड खालून चपटं असतं आणि उभ्या शेपटीच्या मुळाशी एक तिरकी पायरी असते. ए-३२० चं नाक गोलसर, शेपटी सरळ वर गेलेली. पुढच्या वेळी बोर्डिंगच्या रांगेत उभं असताना बघा, पाच मिनिटांत जमतं. ही दोन विमानं सारखी दिसतात कारण त्यांचं कामच सारखं आहे: दीड-पावणेदोनशे माणसं उचलायची आणि तीन-चार तासांच्या अंतरावर नेऊन सोडायची. मिग आणि सुखोईचं उलट आहे. रूप एक, काम निराळं. म्हणून नुसत्या खुणा पाठ करण्यापेक्षा काम समजून घेतलं की खुणा आपोआप दिसू लागतात.

मिग-२९ आघाडीवरचं विमान. युद्धभूमीपासून जवळच्या, प्रसंगी खडबडीत धावपट्टीवरून झपकन उडायचं, जमिनीवरच्या रडारवाल्यानं सांगितलेल्या दिशेला जायचं, लढायचं आणि परत यायचं, असा त्याचा हिशेब. फार लांब जायचंच नाही, मग इंधन कशाला वाहायचं? मूळच्या मिग-२९ च्या पोटात जेमतेम साडेतीन टन इंधन मावतं. सुखोईला सोव्हिएत संघाचं अवाढव्य आकाश राखायचं होतं, तासन्‌तास हवेत राहायचं होतं. सुखोई-३० एमकेआयच्या पोटात साडेनऊ टनांहून अधिक इंधन जातं. बाहेरून टाकी न लावता ते सुमारे ३,००० किलोमीटर जातं.

या एका फरकातून बाकीचं सगळं येतं. मिग-२९ ची लांबी १७.३ मीटर, सुखोईची जवळपास २२. पंखांचा पसारा मिगचा ११.४ मीटर, सुखोईचा १४.७. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन मिगचं १८ टनांच्या आसपास, सुखोईचं ३८.८ टन, म्हणजे दुपटीहून जास्त. आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळल्यावर, मिगचं एकेक इंजिन ८,३०० किलोंचा रेटा देतं, सुखोईचं १२,५०० किलोंचा. पुण्यात खराडीला बसून फोनवर बोलणं मध्येच थांबवावं लागतं ते याच कारणानं.

आता लांबून बघताना. पोटाखाली, दोन इंजिनांच्या बरोबर मध्ये लांबट टाकी लटकलेली दिसली तर ते मिग. पोटातलं इंधन कमी पडतं म्हणून त्याला शिदोरी बांधून पाठवावं लागतं. सुखोई असली टाकी घेत नाही, त्याला गरजच नाही. यात एक फसगत मात्र आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुखोईवरून ब्रह्मोस क्षेपणास्त्र पहिल्यांदा डागलं गेलं, आणि ते अडीच टनांचं ब्रह्मोसही पोटाखाली मधोमधच लागतं. टाकीसारखं दिसलं म्हणून लगेच मिग म्हणू नका.

माझी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे मागचं टोक. सुखोईच्या दोन इंजिनांच्या मधून एक जाडसर नांगी मागे निघालेली असते, विंचवाची वाटावी अशी. मिगला ती नाही. इंजिनांच्या मागे मोकळं. विमान डोक्यावरून पुढे निघून गेलं, सूर्य डोळ्यांवर आला, तरी मागून ही नांगी दिसते. शेपटीचे उभे पंखही बघावेत. मिगचे ते किंचित बाहेर कललेले, सुखोईचे ताठ उभे. समोरून येताना सुखोईचं नाक पाणी प्यायला वाकलेल्या बगळ्यासारखं खाली झुकलेलं दिसतं. शिवाय आपल्या सुखोईला मोठ्या पंखांच्या पुढे, कॉकपिटच्या मागे, दोन छोटे पंख असतात. त्यांना कॅनार्ड म्हणतात. मिगला ते नाहीत. जुन्या मिगचा आणखी एक स्वभाव म्हणजे धूर. त्याची आरडी-३३ इंजिनं काळी रेघ सोडत जातात. विमान दिसण्याआधी रेघ दिसते, असं शत्रूचे वैमानिकही सांगत असतील.

पुढच्या चाकावरून ओळखू नका. जुन्या सुखोई-२७ ला पुढे एकच चाक आणि मिगला जोडचाक, असं परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्या सुखोईचं वजन वाढलं म्हणून त्यालाही जोडचाकच बसवलं. पुस्तकी नियम इथं आपटतो.

विमान जमिनीवर असेल तर काम आणखी सोपं आणि जास्त मजेचं. मिग-२९ जमिनीवरून सावकाश धावपट्टीकडे जात असताना त्याची पुढची तोंडं चक्क बंद असतात. आघाडीवरच्या धावपट्टीवर खडे, माती, बर्फाचे तुकडे असणार, ते इंजिनात गेले तर पाती तुटणार. म्हणून तोंडावर झाकण पडतं आणि इंजिन तोवर पंखाच्या मुळावर, वरच्या बाजूला असलेल्या झडपांतून श्वास घेतं. माशाला पाठीवर कल्ले फुटावेत तसं. उड्डाणाच्या दौडीत वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास गेला की तोंडं उघडतात आणि वरच्या झडपा मिटतात. सुखोईनं तोच प्रश्न साधेपणानं सोडवला: तोंडाच्या आत एक जाळी उभी राहते, खडे तिला अडतात, हवा आत जाते. मला विचाराल तर मिगची युक्ती जास्त रंगतदार, सुखोईची जास्त शहाणपणाची. मिगवाल्यांनाही ते पटलेलं दिसतं, कारण नौदलासाठी विमान नव्यानं घडवताना त्यांनी झडपा काढून टाकल्या, जाळी बसवली आणि झडपांच्या मोकळ्या झालेल्या जागेत इंधन भरलं.

उभ्या सुखोईची खूण वेगळी. त्याच्या इंजिनांची मागची नळकांडी हलती आहेत, वैमानिक त्यांचा रोख वळवून विमान जागच्या जागी गिरकावू शकतो. इंजिन बंद होऊन दाब गेला की ती खाली लोंबतात, दमलेल्या बैलानं मान टाकावी तशी. मिगची नळकांडी सरळच राहतात.

आणि बैठक. सुखोई-३० एमकेआय नेहमी दोन माणसांचं. म्हणूनच राष्ट्रपती डॉ. कलाम जून २००६ मध्ये आणि आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील नोव्हेंबर २००९ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना, लोहगावहून त्यात बसून उडू शकल्या. हवाई दलाचं मिग-२९, म्हणजे 'बाज', एकट्याचं. दोन बैठकांची फक्त शिकवणीची विमानं, आणि त्यांत रडार नसतं.

पण हा बैठकीचा नियम गोव्यात नेऊ नका. दाबोळीला विमान उतरतं ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसाची, आणि तिथं फेब्रुवारी २०१० पासून मिग-२९ के आहे. विक्रमादित्य आणि विक्रांत या विमानवाहू जहाजांवरून उडणारं ते हेच. त्याच्या कॉकपिटवरची काच लांबलचक, दोन माणसांची असते, अगदी एकबैठकी विमानातसुद्धा. एकच साचा वापरायचा म्हणून कारखान्यानं दोन्ही प्रकारांना सारखीच काच दिली. एकबैठकीत मागच्या खुर्चीच्या जागी इंधन असतं. पहिल्यांदा बघणारा लांब काच पाहतो, सुखोई ठरवतो आणि फसतो. इथं बघायचं ते पंखांवरची घडी आणि मागचा अडकवायचा आकडा. जहाजावर जागा कमी म्हणून पंख मोडून वर घेतात; उतरताना डेकवरच्या तारेत अडकायला शेपटीखाली आकडा. सुखोईकडे दोन्ही नाही. नशीब चांगलं असेल तर दाबोळीच्या धावपट्टीजवळ टोकाला वर वळलेला उतारही दिसेल, जहाजावरच्या उड्डाणाचा सराव करण्यासाठी बांधलेला. (ही सगळी लष्करी ठिकाणं आहेत. फोन खिशात ठेवा, डोळ्यांनी बघा.)

या दोघांत लाडकं कोणतं, यावर विमानवेड्यांत कायम भांडण. १९८८ मध्ये इंग्लंडच्या फार्नबरो प्रदर्शनात मिग-२९ पहिल्यांदा पश्चिमेसमोर उडालं, नाक आभाळाकडे करून हवेत थांबलं आणि शेपटीवर मागे घसरलं, तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठले. पुढच्याच वर्षी पॅरिसला व्हिक्टर पुगाचोव्हनं सुखोई-२७ फणा काढलेल्या नागासारखं उभं करून दाखवलं. त्या करामतीला कोब्रा हेच नाव पडलं. त्याच पॅरिस प्रदर्शनात मिग-२९ च्या एका इंजिनात पक्षी गेला आणि विमान पडलं, वैमानिक अनातोली क्वोचुर अगदी शेवटच्या क्षणी बाहेर फेकला जाऊन वाचला. कारगिलमध्ये मिराज विमानांच्या बॉम्बफेकीला वरून राखण करणारं मिग-२९ होतं, हे माझ्या मनात मिगच्या बाजूनं पडतं. पण रोजच्या कामाला सुखोईच हवं, यावर भांडण होऊ नये. आपण आतापर्यंत पावणेतीनशेच्या आसपास घेतली, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बाराची मागणी नोंदवली, आणि तीही ओझरलाच बनायची आहेत.

दोन्ही एकाच दिवशी बघायची असतील तर जागाही ओझरच. एका बाजूला एचएएलचा सुखोईचा कारखाना, दुसरीकडे हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो, जिथं मिग-२९ दुरुस्तीला आणि नव्या सामग्रीनं सजायला येतं. आग्रा रोडच्या कडेला चहाच्या टपरीवर थांबलात आणि काही वर गेलंच, तर आधी मागची नांगी शोधा. नांगी दिसली तर सुखोई, नुसती दोन इंजिनं दिसली तर मिग. इंजिन एकच दिसलं, विमान छोटं आणि पंख त्रिकोणी असले, तर गोंधळू नका. ऑक्टोबर २०२५ पासून ओझर मिगमधून तेजसही उडतंय.