पिळाचा खांब आणि लांब यंत्र

पलंगाच्या खांबावर खालून वर चढत गेलेला पीळ पाहिला की तो लेथवर निघाला असेल, असं सहज वाटतं. साध्या लेथवर तो निघत नाही. लेथ लाकूड गोल करतो. मणी, कंठ, निमुळता पाय, वरचा कळस ही त्याची कामं. पीळ हवा असेल तर लाकूड एक फेरा पूर्ण करेपर्यंत हत्यारानं त्याच्या लांबीवर नेमकं ठरलेलं अंतर कापायला हवं, आणि दर फेऱ्याला तेवढंच. फिरणं आणि सरकणं यांची ही गाठ कशानं बांधायची, या एका प्रश्नाभोवती कारागीर साडेचारशे वर्षं घुटमळत आले आहेत.

हल्ली हौशी सुतार घरी जी लांब ‘ऑर्नामेंटल मिल’, म्हणजे लाकडावर नक्षी कापणारं यंत्र, बांधतात, तिचा सांगाडा समजायला सोपा आहे. दोन समांतर रूळ, एका टोकाला लाकूड फिरवणारा हेडस्टॉक, दुसऱ्याला ते टेकवून धरणारा टेलस्टॉक, दोघांच्या टोच्यांमध्ये धरलेलं लाकूड. रुळांवर एक गाडी, गाडीवर राउटर, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या पात्यानं खाच कापणारं विजेचं हत्यार. हँडल फिरवलं की लाकूड सावकाश फिरतं, त्याच हालचालीतून गिअरमार्फत एक लांब मळसूत्र फिरतं आणि गाडी पुढे सरकते. लेथवर लाकूड भरधाव फिरतं आणि पटाशी जागेवर असते. इथे नेमकं उलटं. राउटरचं पातं मिनिटाला दहा ते पंचवीस हजार फेरे घेतं आणि लाकूड जेमतेम हलतं.

या यंत्राचे पूर्वज दोन. एक राजवाड्यातला, दुसरा सुताराच्या कट्ट्यावरचा. बराच काळ त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नव्हती.

राजवाड्यातल्याची कागदपत्रं जास्त, कारण राजांना हा छंदच लागला होता. फ्रान्सच्या झाक बेसाँचा यंत्रचित्रांचा ग्रंथ 1578 मध्ये लियोंला छापला गेला. त्यात मळसूत्र, दोऱ्या आणि वजनं यांच्या जोरावर नक्षी कातणारे लेथ दिसतात. त्याच काळात ड्रेस्डेनच्या दरबारात हस्तिदंताचे पेले आणि मनोरे कातले जात होते. ‘रोझ इंजिन’ नावाच्या लेथमध्ये तर फिरणारा दांडाच नक्षीदार कडेच्या चकतीवर घासत मागेपुढे झुलतो आणि त्या झुलण्यातून फुलांसारखी वळणं उमटतात. 1701 साली शार्ल प्ल्युमिए या ख्रिस्ती संन्याशानं कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ काढला. हा गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ; देवळाच्या आवारात फुलणाऱ्या पांढऱ्या चाफ्याचं प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच पडलं. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर बसायचा. त्याच्या पदरी असलेल्या आंद्रेई नार्तोव्हनं बनवलेला एक लेथ आजही पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात आहे.

या परंपरेचा कळस लंडनमध्ये चढला. योहान याकोब होल्ट्झाफेल 1792 मध्ये स्ट्रासबर्गहून तिथे आला आणि 1795 पासून त्याच्या कारखान्यातून लेथ विकले जाऊ लागले. पुढच्या पिढ्यांनी मिळून अडीच हजारांच्या आसपास लेथ बनवले. मुलगा चार्ल्स यानं या विद्येवर ग्रंथमाला लिहायला घेतली. पहिला खंड 1843 चा, पाचवा 1884 चा. ठरलेला सहावा कधी निघालाच नाही. या लेथला ‘स्पायरल अ‍ॅपरेटस’ जोडता येई, म्हणजे मुख्य दांडा आणि हत्यार सरकवणारं मळसूत्र यांच्यामध्ये बदलता येणाऱ्या गिअरची साखळी. स्वतः फिरणारी पातीही होती, छतालगतच्या पट्ट्यावर चालणारी. राउटर वगळता घरच्या मिलमध्ये आज जे जे असतं, त्यातलं जवळजवळ सगळं इथे आधीच आहे.

नव्हती ती लांबी. ही यंत्रं हस्तिदंतासाठी आणि आबनूसासारख्या घट्ट, महाग लाकडासाठी होती. डबी, मेणबत्तीची बैठक, बुद्धिबळाची सोंगटी हा त्यांचा पल्ला. सरकणारा भाग जेवढा लांब तेवढाच पीळ, आणि तो टेबलाच्या पायालाही पुरला नसता.

लांब पीळ दुसऱ्या घरात वाढला. पिळाच्या खांबाची हौस तशी जुनीच. रोमच्या जुन्या सेंट पीटर चर्चमध्ये चौथ्या शतकापासून संगमरवराचे पिळदार खांब होते आणि सतराव्या शतकात शिल्पकार बेर्निनीनं त्याच जागच्या नव्या चर्चमधल्या वेदीवर काशाचे सुमारे वीस मीटर उंच खांब उभे केले. त्यानंतर ही नक्षी युरोपभर फर्निचरवर उतरली. इंग्लंडमध्ये 1660 नंतर खुर्च्या-टेबलांच्या पायांना पीळ ही फॅशनच झाली.

पण सुतार तो हातानं काढत होता. आधी लेथवर गोल दांडा कातायचा. त्यावर लांबीनं चार रेघा, मग आडवी वर्तुळं, आणि त्यांच्या छेदांवरून कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून पिळाची रेघ. त्या रेघेवरून करवतीनं खाच घ्यायची, गोल पटाशीनं ती मोठी करायची, मग रास्प (भरड दातांची कानस), कानस, पॉलिश पेपर. एक पाय निघतो, पण चारही पाय जुळवताना हात रडकुंडीला येतो. त्यात दोन पाय उजव्या आणि दोन डाव्या पिळाचे हवे असले तर बोलायलाच नको. तरी मला या पद्धतीचं एक मोठेपण वाटतं: लांबीचा प्रश्न तिला पडतच नाही. दांडा सात फुटांचा असला तरी सुतार फक्त पुढे सरकतो.

ही दोन घराणी एकत्र आली ती राउटरमुळे. हातात मावेल असं विजेचं, वेगानं फिरणारं पातं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलं. 1949 मध्ये जर्मनीच्या एलू कंपनीनं वरून खाली दाबत लाकडात उतरवता येणारा राउटर आणला. आता पट्टे आणि छतावरच्या पुल्या यांची गरज उरली नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या सीअर्सनं ‘राउटर क्राफ्टर’ विकायला काढलं: पत्र्या-नळ्यांची चौकट, वर राउटर, आणि हँडलचा गाडीशी संबंध ठेवणारी तारेची दोरी. त्यात सुमारे तीन फुटांचं लाकूड बसे. टेबलाच्या पायाला ते पुरे, पलंगाच्या खांबाला नाही. पुढे 1990 च्या दशकात युटा राज्यातल्या लेगसी कंपनीनं दोरी सोडून गिअर आणि मळसूत्र वापरलं आणि वेगवेगळ्या लांबीच्या मिल बाजारात आणल्या. नंतर ही कंपनी संगणकी यंत्रांकडे वळली. त्यामुळे हँडलची मिल हवी असणाऱ्यानं एकतर जुनी शोधून वाढवावी, नाहीतर स्वतः बांधावी.

गिअरचं गणित इथे थोडक्यात. एका फेऱ्यात गाडी जेवढी सरकते, ती पिळाची चाल. दांडा 60 मिमी जाडीचा असेल तर त्याचा घेर सुमारे 188 मिमी. चालही तेवढीच ठेवली तर पीळ बरोबर 45 अंशांत चढतो. चाल वाढवली की पीळ उभा होतो, कमी केली की स्क्रूच्या आट्यांसारखा दाट. दोन, तीन, चार पदरी पीळ हवा असेल तर एक खाच संपल्यावर इंडेक्स प्लेटच्या, म्हणजे समान अंतरावर भोकं पाडलेल्या चकतीच्या, भोकांवर लाकूड तितका भाग फिरवून पुन्हा सुरुवात. मळसूत्र इंची आणि माप मिलिमीटरचं असेल तर 127 दातांचा गिअर लागतो. 1959 पासून इंच म्हणजे अचूक 25.4 मिमी, आणि त्याची पाचपट 127. ही मूळ संख्या असल्यामुळे लहान गिअरवर भागतही नाही.

खरी परीक्षा लांबी वाढवताना होते. सत्तर सेंटिमीटरच्या पायावरून 210 च्या खांबावर गेलं की आधारांमधलं अंतर तिप्पट होतं. तेवढ्याच जाडीच्या दांड्यावर मध्यभागी तेवढाच दाब दिला तर बाक तिप्पट नाही, सत्तावीसपट पडतो, आणि स्वतःच्या वजनानं पडणारा एक्क्याऐंशीपट. रुळांचंही तेच. लाकूड खाली झुकलं तर मधली खाच उथळ, रूळ झुकले तर खोल. दोन्ही झुकले तर काय निघेल ते नशिबावर.

शिवाय लाकूड फिरवलं जातं एका टोकाला आणि कापलं जातं दुसऱ्या टोकाकडे. बारीक, लांब दांडा मधल्या मध्ये पिळला जातो आणि पातं गेलं की सुटतो, त्यामुळे दूरच्या टोकाला खाच मागे पडते. मध्ये स्टेडी रेस्टचा, म्हणजे रुळांवर पक्क्या बसवलेल्या टेकणीचा, आधार द्यावा तर तो गोल भागावरच बसतो, आणि खाच पडल्यावर लाकूड गोल राहिलेलं नसतं. म्हणून आधार गाडीलाच जोडतात, पात्याच्या किंचित पुढे, अजून न कापलेल्या भागावर.

मळसूत्र जोडून लांब करणं तर आणखी नाजूक. जोडावर एखादा आटा केसभर सरकला तरी नट तिथे अडतो आणि पिळात गाठ दिसते. म्हणून मोठ्या लांबीला बरेचजण मळसूत्राऐवजी दातेरी पट्टी वापरतात, तुकडे टोकाला टोक लावून. जोडाशी दातांचं अंतर चुकू नये म्हणून त्याच मापाचा तिसरा तुकडा उलटा करून जोडाच्या दोन्ही बाजूंच्या दातांत बसवायचा, शिकंज्यानं आवळायचा, मगच दोन्ही पट्ट्यांचे स्क्रू कसायचे.